मान हलवायची नाही

माझे बूट त्यांनी उचलून नेले, त्यावरून आमची ओळख झाली.

माझा मुलगा जर्मनीत त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सूनही नोकरी करते. मी दरवर्षी ऑक्टोबरात जायची आणि तीन महिने राहून परत यायची, कारण व्हिसा तेवढाच मिळतो. अशी पाच वर्षं मी जात होते. सकाळी आठ वाजता मुलगा, सून आणि नात तिघंही बाहेर पडली की घर एकदम गप्प व्हायचं. टीव्ही लावला तर भाषा कळत नाही. स्वयंपाक तासाभरात होतो. मग मी खिडकीत बसायची. खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, देऊळ. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती लोक, आजोबांपासूनचे, आणि आमच्या गावात चर्चला सगळे देऊळच म्हणतात.

पहिल्या वर्षी आठ दिवस नुसतं बघत राहिले. नवव्या दिवशी धीर करून रस्ता ओलांडला. दार उघडं होतं. गावाकडच्या रीतीप्रमाणे पायातलं बाहेर काढून ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि आत गेले. बाक होते पुष्कळ, पण तेव्हा मला बाकावर बसून प्रार्थना जमायची नाही. वेदीसमोर फरशीवर बसले. बर्फासारखी फरशी. तरी इतक्या दिवसांनी कुणाजवळ तरी मराठीत बोलले म्हणून बरं वाटलं.

बाहेर येऊन बघते तर बूट नाहीत. सुनेने मुद्दाम घेऊन दिलेले, आतून लोकर लावलेले नवे बूट. जर्मनीतही देवळातून चपला जातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तशीच मोज्यांवर रस्ता ओलांडून घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. तीन दिवस घराबाहेर पडले नाही. शनिवारी बाजाराला निघताना सुनेने विचारलंच.

"आई, तुमचे बूट कुठायत?"

सांगावं लागलं. सून हसली नाही, पण ओठ दाबून धरले होते तिने. "अहो आई, इथे कुणी शूज काढत नाही चर्चमध्ये. चला, आपण विचारून येऊ."

देवळाच्या बाजूच्या खोलीत एक उंच, किंचित वाकलेले म्हातारे गृहस्थ होते. निळा ॲप्रन, कानामागे पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा. देवळाची देखभाल करणाऱ्या माणसाला तिथे मेस्नर म्हणतात. झाडलोट, घंटा, मेणबत्त्या, दारं उघडणं, दारं लावणं, सगळं त्याच्याकडे. सुनेने विचारलं तसं त्यांनी एक खोका ओढून काढला. त्यात हरवलेल्या छत्र्या, हातमोजे, एक दातांची कवळी, आणि सगळ्यात वर माझे बूट. आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलेले, आकार बिघडू नये म्हणून.

मग ते सुनेला रागावून बरंच काही बोलले. ती म्हणाली, "आई, ते म्हणतायत, ऑक्टोबर महिन्यात कुणीतरी माझ्या चर्चमधून अनवाणी बाहेर गेलं, तीन रात्री मला नीट झोप नाही. कुठे होतात तुम्ही?"

सुनेने त्यांना आमची रीत सांगितली. ते फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणजे भारतात सगळे ख्रिस्ती बूट बाहेर काढतात?"

"सगळे नाही. गावाकडे काढतात."

"आणि मी एकतीस वर्षं ही फरशी गुडघ्यावर बसून घासतोय!"

देवाने मोशेला जळत्या झुडपापाशी पायातलं काढायला सांगितलं, त्याची त्यांना आठवण होईल असं मला वाटलं होतं. त्यांना फरशीची झाली. पुढच्याच बैठकीत त्यांनी देवळाचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळापुढे सूचना मांडली की यापुढे सगळ्यांनी बूट बाहेर काढावेत. ती कुणी मानली नाही. तरी त्यांनी एक लाकडी मांडणी स्वतः करून दाराशी ठेवली. चार खणांची. पाचही वर्षं तिच्यावर बहुतेक माझेच बूट असायचे.

मेस्नर विचित्र होते हे सगळेच म्हणत. खिशात थर्मामीटर ठेवत आणि उपासना चालू असताना दबक्या पावलांनी फिरून निरनिराळ्या बाकांजवळची उष्णता मोजत. दार जरा किलकिलं राहिलं की कुठेही असोत, ओरडत, "दार लावा, वारा येतोय!" एकदा पाळकबाई प्रभूभोजनाची भाकर मोडत असतानाही ओरडले होते. उपदेश कधी ऐकत नसत. तेवढा वेळ बाजूच्या खोलीत बसून मीठ लावलेली ब्रेट्झल, वेटोळ्यासारखा पाव, खात. सुनेने एकदा गंमतीने विचारलं, "तुमचा विश्वास आहे की नाही?" तर म्हणाले, "विश्वासाचं खातं पाळकबाईंकडे आहे. माझ्याकडे हीटर."

पाळकबाई म्हणजे खरोखरच पाळक होत्या, उपासना त्याच चालवायच्या. आमच्याकडे पाळकांच्या बायकोला पाळकबाई म्हणतात, म्हणून मी पहिले दोन रविवार पाळक कुठे दिसत नाहीत, आजारी असतील, असं धरून चालले होते. तरुण, हसऱ्या, खूप माया करणाऱ्या बाई. देऊळ मात्र रिकामंच असायचं. चारशे माणसं मावतील तिथे तीसचाळीस म्हातारी माणसं, तीही लांब लांब बसलेली, जसं काही एकमेकांशी भांडण आहे. गावाकडे आमच्या सतरंजीवर मांडीला मांडी लागते.

बूट मिळाल्यावर मी रोज जायला लागले. देवळाच्या पायऱ्यांवर पानांचा खच पडायचा. एकदा मला राहवलं नाही. बॅगेतून नेलेली केरसुणी काढली आणि वाकून सगळ्या पायऱ्या झाडल्या. त्या भागात झाडण्याला फार मान आहे. आमच्या इमारतीत प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते, केरवोखे म्हणतात, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली. मी झाडून वर बघते तर मेस्नर दारात. त्यांनी पायऱ्या बघितल्या, कोपरे बघितले, खाली वाकून बोट फिरवलं. मग केरसुणी मागून घेतली, नाकाशी धरली, पुन्हा हातात दिली.

त्या दिवसापासून ते मला फ्राऊ नाखबारिन म्हणायला लागले, म्हणजे शेजारीणबाई. माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. "जगात दोन प्रकारचे ख्रिस्ती आहेत," असं ते सुनेला म्हणाले, "झाडणारे आणि न झाडणारे. बाकीचे फरक पुस्तकातले."

आणि त्यांनी मला जागा दिली. डावीकडचा तिसरा बाक, भिंतीकडून पहिली. बाकांखालून हीटरची नळी जाते आणि ती त्या जागी सगळ्यात गरम असते. हे फक्त मेस्नरना माहीत होतं. ती जागा एका म्हाताऱ्या बाईंची होती, त्या वारल्यापासून त्यांनी तिथे कुणाला बसू दिलं नव्हतं. मला हाताला धरून नेलं, बसवलं, थर्मामीटर दाखवला. एकवीस. मला गुडघ्यांचा त्रास आहे. त्या बाकावर मी वर बसून प्रार्थना करायला शिकले.

मुलाचं घर आपलंच असतं, नाही असं नाही. पण तिथलं कपाट सुनेचं, भांडी सुनेची, सोफ्यावर नातीची खेळणी. परमुलखात अमुक इतकी जागा माझी आहे असं मला तेवढ्या बाकाबद्दलच वाटायचं.

आता एका पेटीची गोष्ट सांगते.

दुसऱ्या वर्षी एकदा ते बाजूच्या खोलीतलं कपाट आवरत होते. मी कापड मारायला मदत करत होते. सगळ्यात वरच्या फळीवरून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं, घुटमळले, मग उघडून माझ्यापुढे ठेवलं. लाकडी पेटी होती, वर मातीचा एक पोरगा गुडघे टेकून बसलेला. सावळा रंग, कमरेला पांढरं कापड, डोक्याला लाल फेटा, हात जोडलेले. पेटीला पैसे टाकायची फट. मेस्नरनी खिशातून एक नाणं काढून आत टाकलं. पोराने मान हलवली. दोनदा, तीनदा, हळू हळू थांबली.

मला इतकं हसू आलं! किती छान खेळणं! मी पण एक नाणं टाकलं. पुन्हा मान हलली. हसत वर बघितलं, तर ते हसत नव्हते.

त्यांचं जर्मन मला थोडंफार कळायला लागलं होतं, ते माझ्यासाठी सावकाश आणि मोठ्याने बोलत. त्या दिवशी त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ते लहान होते, तेव्हा रविवारच्या शाळेत ही पेटी फिरायची. परदेशातल्या मिशनसाठी. आई देईल ते नाणं ते टाकायचे, आणि पोराने मान हलवून आभार मानेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. "मला वाटायचं, मी राजा आहे." एका रविवारी नाणं नव्हतं. तर त्यांनी बोटाने त्याचं डोकं दाबलं. तरी मान हललीच.

"त्याला दुसरं काही करायची सोयच ठेवली नव्हती," मेस्नर म्हणाले.

त्यांना काय खुपत होतं ते मला कळलं. पण माझ्या मनात वेगळंच येत होतं. आमच्या गावातली मिशनची शाळा. तिथे मी चौथीपर्यंत शिकले, पुढे वर्गच नव्हते. पाटी-पेन्सिल शाळेतून मिळायची. ते पैसे कुठून तरी येतच असतील, अशाच कुठल्या तरी पेटीतून. हे त्यांना कसं सांगणार? मी पिशवीतून माझं पवित्र शास्त्र, मराठी बायबल, काढलं, उघडलं, आणि बोट ठेवून एक ओळ मराठीत मोठ्याने वाचली. मग पेटीकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, आणि मी म्हणाले, "शूलऽ. इश." शाळा. मी.

ते कितीतरी वेळ माझ्या पुस्तकातल्या अक्षरांकडे बघत राहिले. मग नाक शिंकरलं आणि ओरडले, "दार लावा, वारा येतोय!" दार लावलेलंच होतं.

पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागे एक नवीनच लकडा लावला. मला भाषा येत नव्हती, त्यामुळे कुणी काही विचारलं की मी हो म्हणून मान हलवायची. दुकानात, लिफ्टमध्ये, देवळात. कळलं तरी, नाही कळलं तरी. गावाकडेही मी काही फार बोलणारी नव्हते. सासरी मान हलवूनच आयुष्य गेलं, त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. पण मेस्नरना ते आता बघवेना.

"मान हलवायची नाही!" ते बोट रोखून म्हणायचे. "हो असेल तर जा म्हणा, नाही असेल तर नाइन म्हणा. तोंड आहे ना?"

मी मान हलवायची.

एकदा कॉफी करताना त्यांनी विचारलं, "मीठ घालू का?" आणि मिठाचा डबा माझ्या डोळ्यांपुढे धरला. मला वाटलं, चेष्टा करतायत. मान हलवली. त्यांनी चमचाभर मीठ माझ्या कपात घातलं, ढवळलं आणि कप पुढे ठेवला. आता दिलेलं टाकायचं कसं? मी प्यायले. सगळी. शेवटच्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं.

मेस्नरनी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी घरी येऊन सुनेकडे माझी तक्रार केली. "तुमच्या सासूबाई विष दिलं तरी मान हलवून पितील!" सून मला म्हणाली, "आई, खरंच प्यायलात? सगळी?" त्यावरही मी मान हलवली, आणि मग आम्ही दोघी हसून हसून दमलो. ते दारात उभेच होते, आमच्याकडे संतापून बघत.

चौथ्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी आमच्या देवळात घानाची दोन कुटुंबं येऊ लागली होती आणि एक तमिळ नर्स. नाताळच्या आधीचा एक रविवार. उपासनेनंतर सगळे कॉफी पीत उभे होते, तेव्हा पाळकबाई आमच्याकडे आल्या. सून माझ्या कानाशी सांगत होती. "आई, त्यांनी तुमच्यासाठी, म्हणजे आपल्या सगळ्या बाहेरून आलेल्यांसाठी एक छान प्लॅन केलाय. खालचा हॉल आहे ना, तिथे रविवारी दुपारी चारला वेगळी सर्व्हिस. आपली गाणी, आपलं म्युझिक, खाली बसायचं असेल तर कार्पेट. सकाळच्या जर्मन सर्व्हिसला मग अवघडून बसायला नको."

मुलगा म्हणाला, "जा, गेनाऊ! अगदी बरोबर! आई, मस्त होईल. तुला टाळ घेऊन भजनं म्हणता येतील."

घानाचे दोघे एकमेकांकडे बघत होते. नर्स कपात बघत होती. पाळकबाई माझ्याकडे बघत होत्या, कारण आमच्यात मीच मोठी. किती मायेने बघत होत्या! त्यांनी मोकळ्या मनाने आणलेली गोष्ट. आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायकाही कौतुकाने हसत होत्या, आता ही किती खूश होईल म्हणून.

मला काय दिसलं, तर तिसरा बाक रिकामा दिसला. आणि खालच्या हॉलची पायरी दिसली.

माझी हनुवटी खाली गेली होती. खोटं कशाला सांगू, गेलीच होती. मी मेस्नरना शोधलं. ते टेबलापाशी होते, आणि त्यांनी माझ्याकडे चक्क पाठ केली होती. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"नाइन," मी म्हणाले.

"काय?" पाळकबाईंना ऐकूच गेलं नव्हतं.

"नाइन. दांके." नको, आभारी आहे, एवढं मला येत होतं. मुलगा म्हणाला, "अगं आई, त्या आपल्यासाठीच—"

मी त्याला म्हणाले, "तू नीट सांग त्यांना. आमच्या गावात मिशनची म्हातारी मडम होती, तिला खाली बसता यायचं नाही. तरी ती सतरंजीवर आमच्यात बसायची. पाय लांब करून बसायची, पण आमच्यात बसायची. तिच्यासाठी कुणी वेगळी उपासना ठेवली नाही, तिने मागितली नाही. मला यांची गाणी कळत नाहीत, पण मी यांच्यात बसते. मला खाली पाठवू नका म्हणावं. इतकंच."

एवढं मी चार लोकांत कधी बोलले नव्हते. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. मडमचे लांब केलेले पायसुद्धा.

पाळकबाईंचा चेहरा लाल झाला होता. एक बाई हळूच म्हणाली, "पण आमचा हेतू चांगला होता हो." ते खरंच होतं. मला त्या बाईचं वाईट वाटलं. घानाचे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "आम्हीही सकाळीच येऊ." नर्सने कप खाली ठेवला.

आणि टेबलापासून आवाज आला, "दार लावा, वारा येतोय!"

सगळे हसले. पाळकबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांनी विचारायच्या आधी ठरवलं होतं, ते चुकलं, असं काहीसं त्या म्हणाल्या. पुढे महिन्यातून एका रविवारी सकाळचीच उपासना सगळ्यांची मिळून व्हायला लागली. घानाचे लोक ढोल वाजवत, आणि वेदीपुढे एक गालिचा घालत. पहिल्यांदा त्यावर मी आणि नर्स अशा दोघीच बसलो. मग एक जर्मन बाई आली, गुडघे धरून हाय हाय करत खाली बसली आणि पाय लांब केले. बूट मांडणीवर ठेवून आली होती. ती उठून जाताना मेस्नरनी तिला विचारलं, फरशी गार होती का? आणि वहीत लिहून ठेवलं.

माझ्या बोलण्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉफी करताना मिठाचा डबा पुढे धरला.

"मीठ?"

"नाइन."

"साखर?"

मी मान हलवली. ते डबा हातात धरून छताकडे बघत उभे राहिले. मी "जा" म्हणेपर्यंत त्यांना काही दिसलंच नाही.

पाचव्या वर्षी गेले तेव्हा त्यांचं सामान बांधून झालं होतं. गुडघे माझ्यापेक्षा वाईट झाले होते आणि ते ड्रेस्डेनला मुलीकडे कायमचे चालले होते. "तिकडे केरवोखे नसते," ते म्हणाले, इतक्या दुःखाने की जणू तिकडे देवच नसतो. आता दारं आपोआप उघडणार आणि आपोआप बंद होणार होती, तसं यंत्र बसवलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं. त्याच्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "याला वारा कळत नाही."

निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. उघडायच्या आधीच मला कळलं. मी मान हलवणार होते, पण म्हणाले, "दांके, हेर मेस्नर." त्यांनी हात पुढे केला. हस्तांदोलन केलं आणि किल्ल्यांचा जुडगा नसलेल्या कमरेवर उगीच हात फिरवत निघून गेले. त्यानंतर त्यांची भेट नाही. मुलगा म्हणतो, गेले असतील आता. असतीलही.

पेटी इथे गावी आहे, फळीवर, पवित्र शास्त्राशेजारी. घरी आणल्यावर मी तिच्यात एक रुपया टाकून बघितला. मान हलली नाही. पुन्हा टाकला. मग उलटी करून बघितली. मेस्नरनी आतून लाकडाची खुंटी ठोकून, सरस लावून मान पक्की करून टाकली होती. काम अगदी स्वच्छ, कुठे ओघळ नाही.

गल्लीतली पोरं येतात, त्या फेटेवाल्या पोराकडे बघतात आणि विचारतात, "आजी, हा काय करतो?"

मी म्हणते, "काही करत नाही. बसलाय."